नकाशातला कोरा चौकोन

नाना, दत्ताने तुमचा फोटो फारच मोठा केलाय. शाळेच्या फाटकाच्या कमानीएवढा. कुणाच्या तरी लग्नातला आहे, मागचं तोरण कापायचं राहून गेलंय. खाली मोठ्या अक्षरात ‘इतिहासमहर्षी’ लिहिलंय. तुम्ही असता तर म्हणाला असतात, “महर्षी कशापायी? मी काय दाढी राखलीवती?”

रविवारी तुमची शोकसभा. मला पाच मिनिटं दिली आहेत. तुमचा पुतण्या दत्ता स्वतः घरी येऊन सांगून गेला. “ताई, नानांवर चांगलं बोला. तुम्ही लिहिता छान. फक्त मळ्याचा विषय नको.” चहा न घेताच उठला. दारात चपला घालताना परत म्हणाला, “गावातलीच माणसं आपण. उद्याही इथंच राहायचंय.” तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो हसून बोलला, माझ्या आईच्या तब्येतीची चौकशी केली आणि गेला.

पाच मिनिटांत जे मावणार नाही ते इथे लिहिते आहे. आधी तुम्हाला, मग बाकीच्यांना.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली, हे तुम्हाला ठाऊक आहे. बाबा खडकीच्या कारखान्यात तुमच्याच खात्यात होते. ते गेटवर युनियनची पत्रकं वाटायचे आणि तुम्ही ती वाचून त्यांना चुका दाखवायचात. मी वाचायला शिकले ती त्या मथळ्यांवर, म्हणून मी बोलतेही मथळ्यांत, असं तुमचं म्हणणं. मी मंडळाच्या खोलीत पाय ठेवला की तुमचं ठरलेलं, “आलं का पत्रक? बसा रं सगळी. आता कुनाचा तरी निषेध होनार.”

सगळे हसायचे. मी चिडायचे. पण माझ्यातला पत्रकाचा फुगा तुम्हीच फोडलात, नाना, आणि त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले. “असं म्हणतात की” अशी सुरुवात मी केली की तुम्ही हात वर करायचात. “कोन म्हनतं? नाव सांग. कुठं बसून म्हनलं? तेव्हा त्येच्या वयाला किती वर्सं व्हती?” पहिल्या वर्षी मला तुमचा राग यायचा. दुसऱ्या वर्षी मी स्वतःच्याच लेखांना हे प्रश्न विचारायला लागले, आणि निम्मे लेख फाडावे लागले. जे उरले ते बरे होते.

गाव महापालिकेत गेलं त्या दिवशी ग्रामपंचायतीचा लाकडी फलक उतरवून कुणीतरी भिंतीला टेकवून ठेवला. संध्याकाळपर्यंत त्यावर कचऱ्याच्या पिशव्या पडल्या. तुम्ही तो सायकलवर आडवा बांधून घरी नेलात आणि पुढच्या रविवारी सकाळी शाळेची एक खोली मागून घेतलीत. आमचं इतिहास मंडळ ते एवढंच. नोंदणी नाही, अध्यक्ष नाही, पावतीपुस्तक नाही. सहा माणसं, एक कपाट आणि तुमच्या कडदोऱ्याला बांधलेली किल्ली.

मी मंडळात आले त्याच्या बऱ्याच नंतर. पण पहिल्या बैठकीतला बिबट्या मला पाठ आहे, कारण तुम्ही तो दर नव्या माणसाला सांगायचात. त्या सकाळी तिघांनी उभं राहून सांगितलं की टेकडीवरचा बिबट्या आपल्याच आजोबांनी मारला. एकाने काठीने, एकाने विळ्याने, एकाने नुसत्या हातांनी. तुम्ही वहीत लिहिलंत: “बिबटे एक. आजोबा तीन.” आणि तिथेच नियम केलात. आपल्या घराची, आपल्या जमिनीची साक्ष आपण द्यायची नाही. शेजाऱ्याने द्यायची.

किती साधा आणि किती सुंदर नियम होता! या गावात बांधावरून तीन पिढ्या न बोललेली माणसं एकमेकांच्या विहिरींची खोली सांगायला शाळेत येऊ लागली. “त्याचं तोंड बघत नाही मी, पण पाणी गोड होतं त्याच्या विहिरीचं, हे लिहा.” आपण गावाचा मोठा नकाशा केला, पानापानांचा. शेताचा एकेक चौकोन घ्यायचा, शेजारी काय सांगतो ते पडताळायचं आणि मग मंडळातल्या शबानाआपांनी हिरव्या शाईने भरायचं. विहीर, खळं, चिंच, पाऊलवाट, ओढा. साक्ष नाही तर शाई नाही. चौकोन कोरा.

मी त्या नियमाच्या प्रेमात पडले. त्याचं पत्रक काढलं, वर मथळा दिला: ‘घर आपले, साक्ष शेजाऱ्याची’. स्वारगेटला बसच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या हातात ते कोंबलं. जी माणसं सोलापूरला निघाली होती, त्यांनाही. तुम्ही म्हणालात, “त्यांना आपल्या गावाशी काय देनंघेनं?” मी म्हणाले, “देश असाच लिहिला पाहिजे, नाना.” तुम्ही माझ्याकडे बराच वेळ पाहिलंत. तेव्हा मला वाटलं, कौतुकाने.

कोऱ्या चौकोनाकडे आता यायलाच हवं.

तुमच्या घरचा मळा. एका बाजूला रस्ता, एका बाजूला नदी, तिसरी बाजू तुमच्याच थोरल्या भावाची. शेजारी म्हणून उरल्या एकट्या गोदाआत्या. आपण पानं ओळीने घेत होतो आणि त्यांचं पान शेवटून दुसरं होतं. “त्या आजारी आहेत, आधी त्यांच्याकडे जाऊ,” असं मी एकदा म्हणाले होते. “वळ मोडायची न्हाई,” तुम्ही म्हणालात. त्यांचं पान येईपर्यंत गोदाआत्या थांबल्या नाहीत, गेल्या. आपण दोन मिनिटं उभे राहिलो आणि मळ्याचा चौकोन कोरा ठेवून पुढे गेलो. त्या वेळी मळा विकून झाला होता. तुमचा भाऊ गेल्यावर दत्ताने व्यवहार केला होता आणि तिथे तीन इमारतींचे खांब वर आले होते.

नकाशात टेकडीवरून येणारा ओढा मळ्याच्या बांधाशी येतो आणि काटकोनात वळून रस्त्याच्या कडेने नदीला जातो. माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, ओढा पहिल्यापासून तसाच. आम्ही तो तसाच पाहिला. ओढे काटकोनात वळत नाहीत, हे मला सुचायला हवं होतं.

त्याच सुमारास शबानाआपांनी घर बघायला सुरुवात केली. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: शबानाआपा पालिकेच्या शाळेत शिक्षिका आहेत. त्यांच्या तीन पिढ्या पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत गेल्या, वडील घड्याळं दुरुस्त करायचे. सुंदर अक्षर आणि धारदार जीभ, दोन्ही त्यांच्याकडूनच आलेलं. अम्मींना जिना चढवत नाही म्हणून त्यांना तळमजलाच हवा होता. एका रविवारी सगळ्यांना चहा देताना त्यांनी विचारलं, “अहो नाना, त्या मळ्याच्या जागेत तळमजला मिळतोय. मंडळ काय म्हणतं? जागा कशी आहे?”

तुम्ही कपाटाकडे बघत म्हणालात, “त्या चौकोनाची मंडळाकडं साक्ष न्हाई.”

शब्दाला शब्द खरं होतं ते. आणि मी काय म्हणाले, नाना? मी हसून म्हणाले, “म्हणजे नकाशात वाईट काही नाही, आपा. घेऊन टाका.”

कोरं होतं, ते मी स्वच्छ म्हणून वाचलं. तुम्ही मला ते तसं वाचू दिलंत.

आपांनी घर घेतलं. पहिलं वर्ष पाऊसच धड झाला नाही. दुसऱ्या वर्षी, होळी होऊन गेल्यावर, उन्हं तापलेली असताना शबानाआपांच्या ओट्यामागच्या भिंतीला लोणा लागला. “भिंतीला घाम फुटलाय. माझ्या हप्त्यांची काळजी वाटत असेल तिला,” त्या म्हणाल्या. मग लिफ्टच्या खड्ड्यात पाणी दिसायला लागलं. वॉचमन रोज उपसायचा, रोज तितकंच भरायचं. बिल्डरच्या माणसाने सांगितलं, टाकी गळते आहे. टाकी बदलली. पाणी तसंच.

आणि मग तो रविवार. शबानाआपा आल्या त्या हसतच. “आज आमच्याकडे पाहुणा आला होता. मोरीच्या जाळीतून खेकडा निघाला, एवढा. अम्मी म्हणते, असू दे, अल्लाचा जीव आहे. मी म्हटलं, असेल, पण भाडं देत नाही.” सगळे हसले. तुम्ही कप खाली ठेवलात. अर्धा भरलेला. चष्मा पुसलात, पुन्हा घातलात, पुन्हा काढलात. मग “मला जरा काम हाय” म्हणून बाहेर पडलात. किल्ली कपाटालाच राहिली. तुमची किल्ली विसरलेली मी कधी पाहिली नव्हती.

मी मागे आले. तुम्ही शाळेमागे, जिथून ओढा येतो तिथे सिमेंटच्या पाइपवर बसला होतात.

“नाना, मळ्यात काय होतं?”

“नियम हाय.”

“मी नियम विचारत नाही. काय होतं ते विचारते.”

“माझ्या घरची जमीन. मी बोलायचं न्हाई.”

“तिथे आता आपा राहतात. त्यांच्या अम्मी राहतात.”

मग मी ते बोलले, जे आता रोज आठवतं. “नाना, तुम्ही नियमामागे लपताय.”

तुम्ही वर पाहिलंत. आवाज अजिबात चढला नाही. “लपायला जागा तूच छापून दिलीस की.”

आपलं भांडण तिथेच राहिलं. पुढचे तीन रविवार तुम्ही आला नाहीत आणि मी बोलवायला आले नाही. मला वाटत होतं, बरोबर माझं आहे आणि जो चुकला त्याने यावं. तुम्हाला काय वाटत होतं, हे मला कधीच कळणार नाही. चौथ्या रविवारी कळलं की तुम्हाला स्वारगेटजवळच्या दवाखान्यात ठेवलंय.

मी खोलीत आले तेव्हा दत्ता औषधं आणायला खाली गेला होता. तुम्ही अर्धे झाला होतात. “आलं का पत्रक,” एवढंच म्हणालात, निषेधापर्यंत श्वास पुरला नाही. मग चादरीखाली उजवा गुडघा वर केलात.

“ही टेकडी,” म्हणालात. “लिही.”

माझ्याकडे कागद नव्हता. तुमच्या एक्स-रेच्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलं. तुमचं बोट गुडघ्यावरून नडगीवर उतरलं. “हितनं पानी येतं. ही शाळा. हा बांध. हितं वळत न्हाई, सरळ आत जातं.” घोट्याशी बोट थांबलं. “ही आमची विहीर. तिच्या उजव्या अंगानं. मंग वाकून नदीला.” चादरीची कड म्हणजे नदी.

“ओढा कधी बुजवला?”

“मी कारखान्यातनं सुट्टी काढून आल्तो त्या उन्हाळ्यात. दादानं मुरूम आनला. मळा एकसंध दिसंल म्हनला. ट्रॅक्टर मीच धरला व्हता.” चादरीची कड बोटाने सरळ केलीत. “पानी कुठं जाईल, हे कुनी इचारलंच न्हाई. आपन इचारतो ना सगळ्यांला, कोन म्हनलं, कुठं बसून? तवा मी सोताला काय बी इचारलं न्हाई.”

म्हणजे तुम्ही भावाला वाचवत होतात, पुतण्याला वाचवत होतात, असं जे मी मनात धरलं होतं ते अपुरं होतं. इतकी वर्षं गावाला प्रश्न विचारणारा माणूस एका प्रश्नाभोवती कुंपण घालून बसला होता, आणि त्या कुंपणाला आम्ही सगळे नियम म्हणत होतो. तुमचा राग यावा तितका येत नाही, नाना. येतो, आणि मग तो गुडघा आठवतो.

“छापू?” मी विचारलं.

“आधी शबानाला सांग. आजच जा. मंग छाप, न्हाईतर फाड.”

आणि मी म्हणाले, “सही करा.”

मरणाच्या दारात असलेल्या माणसाला मी सही मागितली. कारण सहीशिवाय ती साक्ष नव्हती, नुसतं ऐकीव होतं, आणि ऐकीव लिहायचं नाही हे तुम्हीच शिकवलेलं. “उद्या,” म्हणालात तुम्ही, “हात थरथरतोय.” तेवढ्यात दत्ता आला आणि मी पाकीट पिशवीत टाकलं. दुसऱ्या दिवशी हात उचललाच नाहीत. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. या तीन दिवसांत मी आपांकडे गेले नाही. सहीची वाट पाहत राहिले. त्यानंतर तुमचे दिवस होते, घरात माणसं होती, त्यात शबानाआपाही रडत बसल्या होत्या, तुमच्यासाठी. माझी पिशवी माझ्या मांडीवर होती. तुमचा नियम शेवटी तुम्ही मोडलात. मी मोडला नाही.

काल आपांकडे गेले.

“बस,” त्या म्हणाल्या, “ओट्याला टेकू नकोस, ओला आहे.” आत अम्मी खाटेवर झोपल्या होत्या. खाटेच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा. मी सगळं सांगितलं. त्यांनी पाकीट हातात घेतलं, सुलटं केलं, उलटं केलं. “तुझं अक्षर भयंकर आहे,” म्हणाल्या. मग गॅस बंद केला.

“मी विचारलं, तेव्हा नानांना माहीत होतं?”

“हो.”

“आणि तू म्हणालीस, नकाशात वाईट काही नाही.”

“हो.”

“चहा मी केला होता त्या दिवशी. सगळ्यांना. नानांना साखर कमी.”

त्यांनी शिवी दिली असती तर मी घेतली असती. त्यांनी विचारलं, “किती वेळ मिळतो?”

“कशाला?”

“मोठ्या पावसात ओढ्याचं पाणी आलं की. टेकडीवरून इथपर्यंत यायला किती वेळ लागतो? ते सांगितलं का नानांनी?”

सांगितलं होतंत. “एक विडी ओढून होईस्तवर,” मी तुमच्याच शब्दांत सांगितलं.

त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. “ती खाट या दारातून जात नाही. आत आणली तेव्हा सुटी करून आणली होती.” मग माझ्याकडे वळल्या. “दत्ताकडे गेले तर म्हणेल विकून टाका. कुणाला विकू? घेणारा विचारेल, जागा कशी आहे, तर त्याला काय सांगू? नकाशा कोरा आहे?”

तिन्ही इमारतींत माणसं आहेत, नाना. तळमजल्यावर सगळीकडे खिडक्यांना जाळ्या आहेत, चोरांसाठी. संध्याकाळी खाली पोरं सायकली चालवतात. पार्किंगच्या एका कोपऱ्यात फरशी पोकळ वाजते, म्हणून ती मुद्दाम तिच्यावरून जातात आणि ओरडतात. मी काल तिथे उभी राहिले. तो तुमचा विहिरीचा घोटा असावा.

रविवारी मी तुमच्यावर चांगलंच बोलणार आहे. फलक सायकलवर बांधून नेणाऱ्या माणसाबद्दल सांगणार, बिबट्याची गोष्ट सांगणार. आणि मग ओढ्याचा रस्ता वाचून दाखवणार: शाळेच्या मागून, बांधातून सरळ, विहिरीच्या उजव्या अंगाने, मधल्या इमारतीखालून, नदी. दत्ता पहिल्या रांगेत असेल. तो काय करेल ते मला माहीत नाही. काल संध्याकाळी आमच्या फाटकापाशी दोघेजण मोटारसायकल बंद करून नुसते बसले होते. आईने विचारलं, कोण पाहिजे? ते म्हणाले, कुणी नाही, सहज.

सही नाही, हे मी आधीच सांगेन. ज्यांना ऐकीव वाटेल त्यांनी पार्किंगमध्ये जाऊन कान लावावा.

आज सकाळी मी मंडळाची खोली उघडली. मळ्याचं पान काढलं आणि पेन घेऊन बसले, पण रेघ ओढवेना. शबानाआपा आल्या. मी बोलावलं नव्हतं. चप्पल काढली, शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “सरक. तुझ्या अक्षरावर कुणी विश्वास ठेवणार नाही.”

त्यांनी पाकीट समोर धरलं आणि टेकडीपासून सुरुवात केली. शाळा. बांध. रेघ कोऱ्या चौकोनात शिरली, विहिरीला वळसा घालून इमारतीच्या भिंतीतून आत गेली. स्वतःच्या ओट्यापाशी आल्या तेव्हा मला वाटलं, आता थांबतील. त्यांनी पेन उचललं नाही. नदीपर्यंत एका दमात नेलं, मग समासात लिहिलं: “साक्ष: नाना. जमीन घरचीच.”

मी रेघेवर फुंकर मारली. पुन्हा मारली. शाई वाळेना. हवा दमट व्हायला लागली आहे, नाना.